अकरा ओळी गहू

देवराव फवारणीचं काम करत, आणि गावात त्यांचं नाव झालं होतं ते फवारणी न करण्याबद्दल.

सकाळी कोणी दारात येऊन म्हणालं, की देवरावभाऊ, आज आपल्या वावरात पंप चालवायचा, तर ते लगेच हो किंवा नाही म्हणत नसत. आधी घराच्या मागच्या अंगाला जात. तिथे त्यांची बायको पार्बताबाई हिवाळाभर उघड्यावरच्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवायची. घरात गॅस होता, पण पाण्यासाठी गॅस जाळणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. देवराव चुलीसमोर उभे राहून धूर बघत. धूर एका अंगाला हलका झुकून वर गेला, तर पंप भरायचा. फाटून पळाला, तर वारा जास्त. आणि परसातल्या कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत जाऊन थबकला, तिथेच वाकळेसारखा आडवा पसरला, तर पंपाला हातही लावायचा नाही. मग पुढच्या दारी येऊन ते सांगत, "आज नाई." हंगामातल्या बऱ्याच दिवशी उत्तर हेच असायचं.

त्यामुळे पोरं त्यांना आजनाई म्हणू लागली, पोरांचं ऐकून मोठेही म्हणू लागले. एकदा तर लग्नाच्या पत्रिकेवर प्रेषक मंडळींत 'श्री. देवराव आजनाई' असं छापून आलं. देवरावांनी पत्रिका नीट वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि लग्नाला गेले.

हिवरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं गाव. गावात पंपवाले आणखी पाच-सहा होते. ते बोलावलं की येत, वारा असो की ऊन, टाकी रिकामी करून जात. देवराव पंचविशीत असताना तसेच होते. एकदा भर दुपारी, वाऱ्यात, एकाच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत मारायला गेले आणि शेजारच्या माळीणबाईची मिरचीची रोपं गेली. ती बाई भांडायला आली नाही. तिने ती सुकलेली रोपं उपटली, टोपल्यात भरली आणि देवरावांच्या दारात ओतून निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर ते विसरले असते. ती रोपं त्यांनी स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकली आणि तेव्हापासून धूर बघायला लागले. पुढे तीस वर्षं त्यांच्या पंपामुळे कोणाच्या शेजाऱ्याचं पान वाळलं नाही. पण जे झालंच नाही, त्याची आठवण गाव कशाला ठेवील.

त्या वर्षी लीलाबाईंनी मोहरी पेरली. लीलाबाई म्हणजे दोन एकर काळ्या जमिनीची मालकीण आणि जिभेची त्याहून मोठी मालकीण. पोरगा अमोल नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात, त्यामुळे वावर ती एकटीच बघायची. आदल्या वर्षीचा गहू रानडुकरांनी लोळून लोळून संपवला होता. मोहरीला डुक्कर तोंड लावत नाही असं कोणीतरी सांगितलं, म्हणून मोहरी. डुक्कर आलं नाही हे खरं, पण मागच्या वर्षीचा झडलेला गहू मोहरीत उगवून आला, त्याच्याबरोबर रानगवत आलं, आणि डिसेंबर लागला तेव्हा वावरात मोहरी कोणती आणि पाहुणे कोणते हे वाकून बघावं लागत होतं.

त्याला औषध होतं. हे औषध गवत मारतं आणि रुंद पानाचं पीक सोडतं, म्हणजे मोहरी राहते. फक्त गहू हासुद्धा मुळात गवतच. लीलाबाईंच्या वावराला लागून, उताराच्या खालच्या अंगाला नत्थुजींचा चार एकर गहू उभा होता, आणि औषधाला धुरा कळत नाही.

नत्थुजी आणि लीलाबाई अकरा वर्षं बोलत नव्हते. धुऱ्यावरची एक बाभूळ वादळात पडली, ती कोणाची यावरून हे सुरू झालं. दोघांनी एकमेकांना ती उचलू दिली नाही. खोड तिथेच पडून राहिलं, त्याचा अर्धा भाग उदईने, म्हणजे वाळवीने, खाल्ला आणि दावा उदईनेच जिंकला, असं गावात म्हणत. एवढ्यावरही भागलं असतं. पण नत्थुजी हे देवरावांचे व्याही. देवरावांची एकुलती एक पोरगी वर्षाली दोन वर्षांपूर्वी नत्थुजींच्या गजेंद्राला दिलेली.

म्हणून लीलाबाईंनी पंपासाठी देवरावांनाच बोलावलं. दुसरा कोणी आला आणि गव्हाचं एक पान जरी पिवळं पडलं, तर नत्थुजी तहसीलपर्यंत जातील, हे तिला माहीत होतं. देवरावांनाही माहीत होतं. त्यांनी होकार दिला आणि धूर बघितला.

वारा डोंगराकडून येत होता, म्हणजे मोहरीवरून सरळ गव्हाकडे. आज नाई. दुसऱ्या दिवशी तोच वारा, तिसऱ्या दिवशीही तोच. चौथ्या दिवशी वारा बरा होता, तेव्हा देवराव वावरात जाऊन उकिडवे बसले. जमीन भेगाळली होती आणि गवताची पानं सुरळी करून बसली होती. तहानलेलं गवत औषध पोटात घेत नाही, आधी पाणी द्या, असं त्यांनी सांगितलं. लीलाबाईंनी कुरकुर करत तुषार सिंचनाचे पाईप जोडले आणि दिवसभर पाणी दिलं. पाण्यानंतर जमिनीत पाय ठेवता यायला दोन दिवस गेले. तेवढ्यात थंडीची लाट आली. पहाटे पानांवरचं दव बर्फासारखं लागायचं. देवराव म्हणाले, गारठ्यात गवत वाढत नाही, आणि जे वाढत नाही ते मरतही नाही. दोन दिवस ऊब येऊ द्या. जावयाने मोबाईलवर हवामान काढून दाखवलं, की वारा ताशी चार किलोमीटर, एकदम छान. देवरावांनी स्क्रीनकडे आदराने बघितलं आणि तो वारा अकोल्याचा आहे असं म्हणाले.

नऊ दिवस झाले. तीन पानांचं गवत सहा पानांचं झालं, आणि सहा पानांचं गवत औषधाला सहजी दाद देत नाही. मोहरी त्यात गुदमरायला लागली. लीलाबाईंचं खरोखर नुकसान होत होतं. देवरावांना ते दिसत होतं आणि झोंबतही होतं.

दहाव्या संध्याकाळी ते ज्वारीचं दळण घेऊन चक्कीवर गेले. तिथे सात-आठ बायामाणसं होती, त्यात लीलाबाई. चक्की थांबेपर्यंत ती गप्प राहिली. पट्टा थांबला, आवाज बंद झाला, आणि मग सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा बेताने ती बोलली.

"देवरावभाऊ, तुमचा वारा इवायाचा गहू पाहूनच वाहून राहिला काय? माया मोहरीले रोज आज नाई. गहू लेकीच्या घरचा नसता, तं पयल्याच दिवशी पंप भरला असता तुमी."

कोणी हसलं नाही. हसले असते तर देवरावांना बरं वाटलं असतं. आजनाई म्हणून लोक हसायचे, त्यात त्यांना विश्वास दिसायचा. हे वेगळं होतं. सात-आठ चेहरे खाली बघत होते, म्हणजे हा विचार त्यांच्याही मनात येऊन गेलेला होता. देवरावांपाशी जमीन अर्धा एकर आणि पंप एक. बाकी सगळी कमाई म्हणजे तो एक शब्द, की हा माणूस नाही म्हणतो ते हवेकडे बघून म्हणतो, माणसाकडे बघून नाही. तोच शब्द लीलाबाईंनी चक्कीत घातला होता. देवराव पीठ घेऊन घरी आले. पार्बताबाईने पीठ चाळताना विचारलं, की भाकर किती खाणार. ते म्हणाले, भूक नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना छळत होती. गहू दुसऱ्या कोणाचा असता, तर आपण नऊ दिवस थांबलो असतो का, हे ते स्वतःलाच विचारत होते. थांबलो असतो, असं उत्तर येत होतं. पण ते उत्तर फार लवकर येत होतं.

सकाळी ते उठले. वारा ठार पडला होता. पान हलत नव्हतं. बाकीच्या पंपवाल्यांना असा दिवस म्हणजे पर्वणी. देवराव मागे गेले. चुलीचा धूर सरळ वर गेला, कडुनिंबाच्या शेंड्याला थबकला आणि तिथेच आडवा पसरून बसला. अशा सकाळी गार हवा जमिनीला चिकटून असते. औषधाचा बारीक फवारा खालीही बसत नाही आणि वरही जात नाही, तरंगत राहतो आणि पाण्यासारखा उताराकडे सरकतो. गावातल्या पंपवाल्यांत ही गोष्ट एकट्या देवरावांना कळत होती.

पार्बताबाईने फुंकणी खाली ठेवली आणि धुराकडे बघितलं. "धूर पाहा," ती म्हणाली.

"पायला," देवराव म्हणाले, आणि पंप खांद्याला लावला.

तोंडाला दुपट्टा बांधून त्यांनी फवारणी अगदी नियमाप्रमाणे केली. नोझल खाली धरलं, पावलं सारखी टाकली, धुऱ्याकडचा भाग आधी उरकला. वावर अर्धं झालं तेव्हा सूर्य वर आला आणि तिरप्या उन्हात त्यांना ते दिसलं. कमरेएवढ्या उंचीवर, विरळ मलमलीसारखा फवारा धुरा ओलांडून खाली चालला होता. घाई नव्हती त्याला. नत्थुजींच्या गव्हात शिरला आणि थोडं आत जाऊन दिसेनासा झाला. देवराव पंप बंद करून उभे राहिले. हाक मारून परत येईल असं ते नव्हतं. धुऱ्यापासून लांबच्या ओळी राहिल्या होत्या. ऊन चढून हवा हलू लागेपर्यंत ते थांबले, मग त्या मारल्या आणि घरी आले.

लीलाबाई खूश झाली. नत्थुजींना काहीच ठाऊक नव्हतं. गहू हिरवागार होता आणि गवतही हिरवंगार होतं, कारण हे औषध उन्हापावसात आठवड्याभरात रंग दाखवतं, थंडीत दोन-दोन आठवडे झोपून राहतं. म्हणजे देवरावांची चूक अजून पंधरा दिवस कोणाला दिसणार नव्हती. गप्प बसलं असतं तर पुढेही रोग म्हणता आलं असतं, पाण्याचा दोष म्हणता आलं असतं. गव्हाला पिवळं पडायला कारणांची कमी नसते.

दुसऱ्या दिवशी देवराव नत्थुजींच्या घरी गेले. नत्थुजी ओट्यावर ऊन खात बसले होते. वर्षालीने सवयीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तो तसाच राहिला. पोरीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही, ही देवरावांची जुनी चाल.

"इवाई, तुमच्या गव्हाच्या नऊ ओळी जातीन," ते म्हणाले. "धुऱ्याकडच्या. पंधरा-सोळा दिवसांनी पिवळ्या पडतीन. माया हातानं झालं."

नत्थुजींच्या डोळ्यांत अकरा वर्षांची जुनी चमक आली. "लीलाबाईनं जबरदस्तीनं करवलं, असं म्हना."

"नाई. पंप माया पाठीवर होता."

नत्थुजींची चमक विझली. सोळाव्या दिवशी बघू, एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा उन्हाकडे तोंड केलं. वर्षाली बापाला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तिने लहानपणी चुलीपाशी उभं राहून बापाबरोबर शेकडो वेळा धूर बघितला होता. धूर बघायचा राहून गेला का, असं तिने विचारलं. देवरावांनी बघितला होता म्हणून सांगितलं. ती तिथूनच मागे वळली. त्या वळण्याचा त्यांना व्याह्याच्या बोलण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

इकडे आठवड्याने लीलाबाई दारात. गवत जसंच्या तसं, औषध डुप्लिकेट, पुन्हा एकदा मारा. देवराव म्हणाले, थंडी आहे, थांबा. ती म्हणाली, तुमचं थांबणं मला पाठ झालं आहे. देवराव रोज सकाळी त्या वाटेने जायचे आणि दोन्ही वावरं बघून यायचे. हात लावायचे नाहीत. चौदाव्या दिवशी त्यांनी मोहरीतल्या एका गवताचा मधला पोगा, म्हणजे आतली कोवळी सुरळी, चिमटीत धरून हलकेच ओढला. तो लोण्यातून केस निघावा तसा सुटून आला. बुडाशी तपकिरी, सडलेला. लीलाबाईंचं गवत मेलं होतं, फक्त त्याला अजून कळलं नव्हतं. मग ते धुरा ओलांडून पलीकडे गेले आणि गव्हाचा पोगा ओढला. तोही तसाच सुटून आला.

सोळाव्या दिवशी गहू पिवळा झाला. नत्थुजी काठी घेऊन आले. एकेका ओळीला काठी लावत त्यांनी मोजलं, परत मागे येऊन पुन्हा मोजलं.

"अकरा हाये," ते म्हणाले. "तुमी नऊ म्हनले होते."

देवरावांनी चुकलं म्हणून कबूल केलं. नत्थुजींना गहू जाण्यापेक्षा या दोन ओळींचा राग जास्त आला असावा. पुढे कित्येक दिवस ते भेटेल त्याला या दोन ओळींबद्दलच सांगत.

देवरावांनी त्याच दुपारी विळा-खुरपं आणलं, मेलेला गहू काढला, जागा उकरली आणि सांबार टाकला. पुण्याकडे याला कोथिंबीर म्हणतात. गवत मारणारं औषध सांबाराला काही करत नाही. नत्थुजी संशयाने लक्ष ठेवून उभे होते. ते घरी गेले तरी देवराव एकटेच खुरपं चालवत राहिले.

लीलाबाई आपल्या वावरात आली तेव्हा मोहरी पिवळ्या फुलांवर आली होती आणि तिच्या बुडाशी गवत वाळून पडलं होतं. हा माणूस धुऱ्याच्या पलीकडे काय करतो आहे, हे तिला कळेना. मग तिला गव्हातली ती उघडी पट्टी दिसली. धुऱ्याला धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला शेतीतलं कळत होतं, त्यामुळे कोणी सांगायची गरज पडली नाही.

"इवायाचा गहू जाळला तुमी," ती हळू आवाजात म्हणाली. "माया मोहरीसाठी."

"मोहरीसाठी नाई," देवराव म्हणाले. "तुमच्या बोलन्यासाठी."

लीलाबाई त्या उदई लागलेल्या बाभळीच्या खोडावर बसली. अकरा वर्षांत त्याला पहिल्यांदाच कोणी टेकलं असेल. देवरावांनी उरलेलं बी टाकलं, माती सारखी केली आणि खुरपं पुसून घेतलं.

दोन दिवसांनी तिने चक्कीवर, पट्टा थांबल्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. देवरावसारखा माणूस नाही, काम म्हणजे काम, सख्ख्या व्याह्याचा गहू मधे आला तरी मागेपुढे पाहिलं नाही. लोकांना ते पटलं. गावभर झालं. वाटेत माणसं थांबून देवरावांना रामराम करू लागली आणि आजनाई म्हणणं जरा कमी झालं. देवरावांना त्याचा राग आला, आणि राग येऊनही थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. तीस वर्षं शेजाऱ्यांची पिकं राखली, तर टोपणनाव मिळालं. एका सकाळी अकरा ओळी जाळल्या, तर इमानदार ठरले. असा हिशेब कोणाला समजावून सांगणार? त्यांनी पार्बताबाईला सांगून बघितलं. ती म्हणाली, धूर पाहा म्हटलं होतं मी.

फेब्रुवारीत आभाळ भरून आलं आणि मोहरीवर माव्याची कीड दिसू लागली. एका सकाळी देवरावांना मागच्या अंगाला बोलण्याचा आवाज आला. जाऊन बघतात तर लीलाबाई चुलीपाशी पार्बताबाईच्या बाजूला पाटावर बसलेली. शेजारी सांबाराची एक ताजी, ओली जुडी. त्या शिवारात सांबार एकाच ठिकाणी होता. नत्थुजींनी दिला, की तिनेच वाकून उपटून आणला, हे देवरावांनी विचारलं नाही. लेकीच्या घरचं काही खायचं नाही ही चालही मोडत नव्हती, कारण जुडी लीलाबाईंच्या हातून आली होती.

त्यांनी वर बघितलं. धूर कडुनिंबापर्यंत गेला होता आणि आडवा पसरला होता. ते लीलाबाईकडे वळले आणि सांगायला तोंड उघडलं.

"मले दिसला," लीलाबाई म्हणाली. "मी पंपासाठी नाई आली. बसा तुमी."

देवराव बसले. पार्बताबाईने चहाचं आधण चुलीवर ठेवलं.